लाकडी कठडा

१९५४ साल. परभणीच्या एका जिनिंगमध्ये मशिनीला तेल घालताना सुग्रीवचं धोतर फिरत्या पट्ट्यात अडकलं आणि तो जागीच गेला.

महिन्याभरानं सरकारी इन्स्पेक्टर अप्पाराव आले. कामगार पट्ट्याच्या किती जवळ उभे राहतात, कुठं वाकतात, हे त्यांनी दोन दिवस बघितलं, मोजलं आणि पट्ट्याभोवती लाकडी कठडा घालायला लावला.

पुढच्या आठवड्यात सुग्रीवची बायको गोजरबाई त्याच मशिनीवर कापूस टाकायला लागली. नव्या कठड्यावरून हात फिरवत तिनं कारखान्याच्या सुताराला, लिंबाजीला विचारलं, “किती दिस लागले हो दादा, हे बसवायला?”

लिंबाजीला तिच्याकडं बघवेना.

“अर्धा घंटा, माय.”