संशय गेला

सासू चहात काहीतरी कालवते, या संशयानं जया वाळत चालली होती. तिसगावच्या दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या धनश्रीनं दर आठवड्याला समजावून तिची भीती हळूहळू कमी केली. आज सासूनं घरून आणलेला चहा जयानं समोरच तोंडाला लावला, तेव्हा धनश्रीचा जीव भांड्यात पडला.

ती बाहेर आली, तर सासूनं, कडूबाईनं, तिचे हातच धरले. "लई उपकार झाले, म्याडम. पोरगं व्हावं म्हनून बुवानं पुडी दिलीय. लगीन झाल्यापास्नं हिच्या चहात घालतेय. मधी हिनं चहाच सोडला हुता."

धनश्री धावत आत गेली. कप रिकामा होता.

"तुमचंच खरं हुतं, म्याडम," कितीतरी दिवसांनी जया हसली. "चहात कायबी न्हाई."