सदस्य क्रमांक चार

"आणि हे तुझं नाव," थोरल्याने लॅपटॉप आईपुढे सरकवला. "सगळ्यात खाली."

आईने चष्मा लावला. नाव खरंच सगळ्यात खाली होतं. वर थोरला, मग बहीण, मग धाकटा. प्रत्येकापुढे त्याचा अधिकार लिहिलेला. थोरला 'प्रमुख'. ती दोघं 'बदल करू शकतात'. आई 'फक्त पाहू शकते'.

थोरला ऑफिसात अडतीस माणसांची टीम अशीच चालवायचा आणि तसं चारचौघांत सांगायचाही. गेल्या महिन्यात एकटी राहणारी आई बाथरूममध्ये घसरली, मनगट मुरगळलं. दुपारपर्यंत फोन उचलला नाही. तेव्हापासून तिच्याकडे नुसती रिंग वाजत राहिली की हा पुन्हा पुन्हा फोन लावत बसायचा. शेवटी तिघा भावंडांनी ठरवलं, आईचं हे घर बंद करायचं. आईने चार-चार महिने एकेकाकडे राहायचं. मागाहून कटकट नको म्हणून रीतसर टीम खातं उघडलं. आईला विचारायचं तेवढं राहून गेलं.

"औषधं, डॉक्टरच्या तारखा, तुला कोण कधी न्यायला येणार, सगळं यात. हिरवा पट्टा म्हणजे मी, निळा धाकटा."

तेवढ्यात धाकट्याचा निरोप आला. मार्चमध्ये त्याच्याकडे रंगकाम निघालंय, आई पुढे ढकलता येईल का? बहिणीने लगेच कळवलं, माझ्याकडे नको, पाहुणे आहेत. थोरल्याने दोन बटणं दाबली आणि आईला मार्चमधून उचलून जुलैत ठेवलं.

"बघ, किती सोपं!"

"सोपं म्हणजे काय! कपाट हलवायचं तर हमाल लागतात."

थोरला ओशाळला, पण हसण्यावारी नेलं. समोरच्या बाईने तीस वर्षं हॉस्पिटलात मेट्रन म्हणून साठ नर्सांच्या ड्युट्या लावल्या होत्या, हे त्या गडबडीत त्याच्या ध्यानात नव्हतं.

"मला यात काय करता येतं?" आईने विचारलं.

"बघता येतं."

"आमच्याकडे जिची ड्युटी, तिला आधी विचारायचो रे."

"इथेही विचारतात! तुझ्या मोबाइलवर आमंत्रण आलंय. नुसता उपचार असतो, दाबून टाक."

बाकी दोघांनी न वाचताच दाबलं होतं. आईने मात्र मोबाइल हातभर लांब धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. थोरला घड्याळ बघत राहिला. मग तिने एक बोट टेकवलं.

लॅपटॉपवर टिंग वाजलं. पट्टे सगळे जागच्या जागी होते, चौथं नाव तेवढं गेलं होतं. खाली लिहून आलं: 'सदस्याने आमंत्रण नाकारले. टीममध्ये आता तीन सदस्य.'

"अगं आई! मला किती काळजी वाटते, कळतंय का तुला? आणि आता या चार-चार महिन्यांचं मी करू काय?"

"कळतंय रे बाळा." आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून दे, मोबाइल मी गळ्यात अडकवून फिरते. आणि ते महिने मुळीच मोडू नकोस. इतकं निगुतीने लावलंयस, तर राहा की तुम्ही तिघं आळीपाळीने एकमेकांकडे!"