खंडेनवमीचा विसावा

प्रगती पत्र्याच्या शेडमध्ये शिरली आणि थबकली. मोटरची घरघर बंद होती. मोटरवर हळदीकुंकू, झेंडूची माळ. पुढ्यात फोडलेला नारळ.

"म्याच बंद केली," मागून सासूबाई, गिताबाई म्हणाल्या. "खंडेनवमी हाय. आज कातरीला न्हाई की इळ्याला न्हाई, कशालाच हात लावत न्हाईत. तिनं एकलीनंच का राबावं?"

प्रगती पिशवीपाशी वाकली. ही मोटर भुशाची एक आडवी पिशवी सावकाश, अखंड फिरवत असे. पिशवीच्या भोकांतून धिंगरी आळंबी फुटली होती. फिरत राहिलं की वर कुठलं आणि खाली कुठलं, हे आळंबीला उमगत नाही. अंतराळयानात वजन हरवल्यावर ती कशी वाढेल, याचा तेवढाच अंदाज जमिनीवर घेता येतो. सकाळपर्यंत देठ वाटेल त्या दिशेला गेले होते. आधीच्या दोन पिशव्या सडल्या होत्या. दसरा झाला की पुण्याचे सर ही तिसरी बघायला वडगाव रासाईला येणार होते, आणि प्रगतीला संशोधनाला घ्यायचं की नाही ते ठरवणार होते. वीज जाते म्हणून तिच्या नवऱ्याने, शंभूने, बॅटरीही जोडून दिली होती. सणाचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

आता एकूण एक देठाने मान वर केली होती. खालच्या अंगाचे तर पिशवीला वळसा घालून वर निघाले होते.

शंभू रांजणगावहून कंपनीतल्या पूजेचे पेढे घेऊन आला. झालेला प्रकार कळल्यावर गिताबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. शंभू म्हणाला, मोटर चालू कर, वळलेले तेवढे कापून टाक, सर येईपर्यंत नवे फुटतील. कुणाला कळतंय?

प्रगतीने ब्लेड घेतलं. एका देठाच्या बुडाशी टेकवलं. मग बाजूला ठेवलं.

"आत्या, बंद कधी केलीत?"

"सकाळी ह्याची कंपनीची बस गेली, आन् म्या नारळ फोडला."

तिने कंपासपेटीतला कोनमापक काढला आणि एकेका देठाचा बाक मोजायला बसली.

"सरांना काय सांगशील?" शंभूने विचारलं.

"खंडेनवमी होती म्हणून. आणि थांबल्यावर किती तासांत किती वळले, ते."

मोटर पुन्हा लावली तर हे सरळ होतील का, असं गिताबाईंनी हळूच विचारलं. पुढची वाढ पुन्हा कशीही जाईल, प्रगती म्हणाली, पण हा बाक आता राहणार.

गिताबाई पिशवीशी उकिडव्या बसल्या. त्यांची उमर मेंढरांमागे कोकणात जाण्यायेण्यात गेली होती. चार भिंती फार उशिरा आल्या.

"हिंडायचं थांबलो, तवा आमीबी असंच वळलो," त्या म्हणाल्या. "कुनी मोजलं न्हाई, येवढंच."

प्रगतीने कोनमापक पुढच्या देठाला लावला.