शालूबाईचा तवा

"परत गंजला?" सयाजीने विचारलं.

शालूबाईने पिशवीतून तवा काढून उंबऱ्याशी ठेवला. बिडाचा जाड तवा, पण उकिरड्यावर पावसाळा काढल्यासारखा अंगभर तांबडा झालेला. दिवाळीनंतर तिची ही कितवी खेप, ते सयाजीने मोजायचं सोडून दिलं होतं.

"काय सांगू भावजी, सून रातभर मोरीत भिजत ठेवती. बिडाचं भांडं कळत न्हाई ह्या पोरींना."

शालूबाईचा नवरा आणि सयाजी कुपवाडच्या एकाच फाउंड्रीत, एकाच पाळीला होते. तिचा नवरा गेला, सयाजी रिटायर झाला, मग त्याचीही बायको गेली. दोन खोल्यांत एकटा जीव. हात रिकामे राहू नयेत म्हणून तो बिडाची गंजकी भांडी नीट करून द्यायचा. पण घरोघरी नॉनस्टिक आलेलं, गिऱ्हाईक येणार कुठून? आष्ट्याहून एसटीने येणारी शालूबाई तेवढी नेमाची.

त्याने तारेच्या ब्रशने गंज खरवडला, विटेच्या तुकड्याने तवा घासला, धुऊन शेगडीवर सुकवला. मग तेल लावून धूर निघेपर्यंत तापवला आणि वरून अर्धा कांदा फिरवला. शालूबाई पायरीवर बसून बोलत होती. बाजारातली वांगी, दुखरा गुडघा, एसटीतली भांडणं. सयाजी नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होता आणि हात मुद्दाम सावकाश चालवत होता.

भाकरी भाजून बघितल्याशिवाय तवा द्यायचा नाही, हा त्याचा नियम. पीठ शालूबाईच घेऊन यायची. पहिल्या भाकरीला गंजाचा वास, म्हणून ती गल्लीतल्या कुत्र्याला. पुढच्या त्या दोघांना. एरवी सयाजीच्या नशिबी खानावळीचा डबा. समोर कुणीतरी बसलेलं असलं की भाकरी वेगळीच लागते, हे बायको होती तोवर त्याला कधी कळलं नव्हतं. आता कळलं होतं, आणि फार कळलं होतं.

तवा निवला की तो आतल्या खोलीत न्यायचा. फळीवरच्या बाटलीत फडकं बुडवून शेवटचा हात मारायचा आणि कागदात गुंडाळून बाहेर आणायचा.

"त्यात काय असतं वो?" शालूबाईने एकदा विचारलं होतं.

"फाउंड्रीतली युक्ती हाय."

आज निघताना ती म्हणाली, "आमच्या शेजारच्या मंगलचा तवा तुमीच केलाय की. अजून काळाभोर हाय. आमच्याच घराला काय झालंय कुणास ठावं. आज प्रांजलला चांगली फैलावर घेते."

सयाजीचा चेहरा पडला. "पोरीला लय बोलू नका, वैनी."

"बोलू नको तर काय आरती करू? पुन्हा असं केलं तर म्हायेरी धाडते तिला!"

ते वाक्य सयाजीच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्याने आष्ट्याची एसटी धरली. त्या पोरीला समोर बसवून एक गोष्ट सांगायचीच, असं त्याने ठरवलं. ती सांगितली की शालूबाईचं येणं थांबणार, हेही त्याला ठाऊक होतं. तरी तो गेला.

दाराला बाहेरून कडी होती. शेजारी मंगल शेंगा फोडत बसली होती.

"काकी बाजारला गेल्यात. बसा की."

"सूनबाई हाय का?"

"सून? प्रांजल नि काकींचा शंभूराज पुण्याला असत्यात. किती वर्सं झाली! काकी एकट्याच की हितं. दिवाळीलाबी कुणी आलं न्हाई."

सयाजीने कुंपणावरून आत पाहिलं. परसात धुण्याच्या दगडाजवळ घमेलं होतं. घमेल्यातल्या पाण्यात त्यानेच घासलेला तवा बुडवून ठेवलेला. शेजारी खडेमिठाची फुटलेली पुडी.

तो माघारी वळला.

"काय निरोप सांगू काकीला?"

"काय न्हाई. मी आल्तो म्हणूनबी सांगू नका."

पुढच्या आठवड्यात शालूबाई पायरीवर हजर. "भावजी, सुनेनं परत घात केला बघा."

"आजकालच्या पोरी," सयाजी म्हणाला. "बसा. च्या टाकतो."

तवा घासून झाला. भाकऱ्या झाल्या. कुत्र्याने पहिली खाल्ली, सयाजीने आज एक जास्तीची खाल्ली. तवा निवल्यावर तो आतल्या खोलीत गेला, फळीवरची मिठाच्या पाण्याची बाटली त्याने मोरीत ओतून टाकली आणि शालूबाईच्या तव्याला पहिल्यांदाच शेवटचा हात तेलाचा मारला.