लाल चेहरा
शौचालयाच्या दारात कंपनीने स्क्रीन बसवला होता. स्वच्छता आवडली तर हिरवा चेहरा दाबा, नाहीतर लाल. “मावशी, महिनाभर रोज सकाळी साडेसहाला लाल!” सुपरवायझर टॅब नाचवत म्हणाला. मावशी चक्रावली. साडेसहाला तर तिच्याशिवाय इमारतीत चिटपाखरूही नसतं. मग डोक्यात प्रकाश पडला. लोक शेंबड्या बोटांनी स्क्रीन बरबटवत. सकाळी कामावर आल्याआल्या मावशी आधी तो पुसायची, आणि फडकं पहिलं टेकायचं ते लालवर. “अहो, पुसताना माझाच हात लागतो!” सुपरवायझर ओशाळला, पण क्षणभरच. “असेल. सिस्टीमने तुम्हाला कामावरून कमी केलंय. माझ्या हातात काही नाही.” नाकात घातलेलं बोट त्याने तसंच टॅबवर फिरवलं आणि टॅब पुढे केला. “इथे अंगठा लावा.” काचेवरचा ओला फराटा बघून तिला शिसारी आली. तिने फडकं त्याच्या हातात कोंबलं. “आधी पुसा.”