रविवारचं शेवाळ

अखेर पाणी फाटलं नाही. नळीला पाडलेल्या फटीतून निघालं आणि प्लास्टिकच्या जाळीवरून एकसंध, पातळ, आवाज न करता खाली टँकमध्ये उतरलं. मिस्त्री स्टुलावर बसून बघतच राहिले. उभं आयुष्य त्यांनी लिफ्टची यंत्रं दुरुस्त करण्यात घालवलं होतं, पण इतकं गुपचूप खाली येणारं काही त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

युक्ती साधी होती. शेवाळाला नको म्हटलं तरी ते ऐकत नाही, तेव्हा त्याला त्याची हक्काची जागा द्यायची. भरतकामाची जाळी करवतीच्या पात्याने खरखरीत केलेली, वरून माशांच्या टँकचं पाणी, समोर गुलाबी दिवे. पाण्यातलं काय खायचं ते शेवाळाने इथे खावं, इथेच फोफावावं आणि टँकच्या काचेच्या वाटेला जाऊ नये.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी होता. टँक तिचाच, शाळेत असताना हट्ट करून आणवलेला. ती लग्न होऊन गेली, मासे राहिले. आजारपणानंतर मिस्त्रींचा उजवा हात थरथरू लागला. काच घासायला घेतली की पातं भलतीकडेच जाई. मग दर रविवारी लेक दोन बस बदलून यायची, बाह्या सारून काच घासायची आणि संध्याकाळी परत जायची. जावयाला सुट्टीचा एकच वार, आणि नेमका तोच आपण खातो, हे मिस्त्रींच्या जिवाला लागून राहिलं होतं. लेकीचा रविवार तिला परत द्यायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

पंप जोरात सोडला तर पाणी भिंतीवर उडे, हळू सोडला तर जाळीची एक बाजू कोरडी राही. दिवे अठरा तास ठेवले तर शेवाळ पिवळं पडलं, नऊ तास त्याला मानवले. आधी तपकिरी बुळबुळीत थर आला, मग एका सकाळी हिरवे मऊ केस. दुपारी पाण्यातून आलेला उजेड छतावर हलत राही. मिस्त्रींचा खुर्चीतच डोळा लागे, जाग येई, पुन्हा लागे. खोली कुठे संपते आणि टँक कुठे सुरू होतो ते कळेनासं होई. मासे आपल्या डोक्यावरून चाललेत असं वाटे, आणि त्यात काही वावगंही वाटत नसे.

चौथ्या आठवड्यात काच इतकी स्वच्छ झाली, की जणू नव्हतीच. लेक आली. खांद्यावरची पर्सही न काढता बघत राहिली.

"सुटलीस बघ तू," मिस्त्री फुशारून म्हणाले. "आता रविवारी खुशाल घरी लोळत पड."

"कमाल केलीत बाबा," ती म्हणाली. मग पर्स खुर्चीवर ठेवत, "जाळी तरी मला धुऊ द्या दर रविवारी. तुमच्या हातून पडेल."

"अर्धीच धुवायची हं. अर्ध्या जाळीवर शेवाळ राहिलंच पाहिजे, नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून."

ती हो म्हणाली आणि जाळी घेऊन न्हाणीघरात गेली.

बुधवारी जाळीवरचं शेवाळ पांढुरकं पडून गळायला लागलं. शनिवारी काचेवर हिरवी साय धरली. रविवारी लेक पातं घेऊन पुन्हा घासायला बसली. तीन आठवडे हेच. मिस्त्रींनी दिवे पुढे आणले, मागे नेले, पंप खोलून साफ केला, फट रुंद केली. काही केल्या गाडी रुळावर येईना. ज्या हातांनी वीस मजल्यांच्या लिफ्ट चालत्या केल्या, त्यांना एक जाळी दाद देत नव्हती. लेक मात्र काच घासताना गुणगुणायची. बिचारी, तोंडाने काही बोलत नाही, असं वाटून मिस्त्रींना जास्तच लाज वाटे.

त्यापुढच्या रविवारी काच घासून झाली आणि ती जाळी धुवायला गेली. कडा जपून धर म्हणून सांगायला मिस्त्री मागोमाग गेले. न्हाणीघरात वाफ कोंडली होती. त्या धुक्यात लेक बादलीवर वाकून उभी होती, आणि कढत पाण्यात सबंध जाळी बुडालेली होती. नुकते धरलेले हिरवे केस हळूहळू फिके पडत होते. आपण अजून खुर्चीतच आहोत, झोपेत, असं क्षणभर मिस्त्रींना वाटलं.

"अगं, मरतंय ते!"

"माहितेय बाबा." तिने मान वर केली नाही. "काच घासायला जायचंय म्हटलं, तरच तुमचा जावई दार उघडतो. तुमच्यापुढे चांगला म्हणवून घ्यायचं असतं ना त्याला."

मिस्त्रींना आधी काही कळेना. मग त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे सहा दिवस?"

"बाहेरून कुलूप लावतो आणि चावी घेऊन कामाला जातो."

वाफ विरली. मिस्त्रींना स्वतःची भयंकर चीड आली. इतके दिवस आपण काय दुरुस्त करत बसलो होतो!

तेवढ्यात बाहेर खुर्चीवर ठेवलेल्या पर्समध्ये फोन वाजू लागला. लेकीने दचकून ओले हात पुसले, पण मिस्त्री आधी पोचले. त्यांनी फोन कानाला लावला.

"झाली का काच घासून?" जावयाचा आवाज अगदी गोड होता.

मिस्त्रींनी टँककडे पाहिलं. काच लख्ख होती. मासे हवेत तरंगल्यासारखे सावकाश फिरत होते.

"नाही हो," ते म्हणाले. "फार शेवाळ साचलंय. एका दिवसाचं काम नाही हे. ती आता इथेच राहील."