बांधावरचा कॅमेरा

“भिंतीचा ट्रक उद्या दहाला येतोय, अप्पा. आता माघार नको,” मंजुनाथ म्हणाला.

सिद्धप्पानं टीव्हीवरची नजर हलवली नाही. टीव्हीवर मालिका नव्हती, शेताचा बांध होता. बांधाच्या अलीकडं त्यांचा हरभरा, पलीकडं थोरल्या भावाचा, चनमल्लप्पा अण्णाचा. त्यामागं चनमल्लप्पाची वस्ती.

“भिंत आंधळी असती,” सिद्धप्पा म्हणाला. “पलीकडं काय चाललंय ते कळतंय व्हय तिला?”

“अडवते तरी. कॅमेरा नुसता बघत बसतो. उद्या कुणी बांध कोरला, तर तो काय उठून काठी हाणणार आहे?”

“अठ्ठावीस वर्सं राजस्थानात तारंपाशी काढली मी. मला शिकवू नको. तार कापत्यात, भिंतीला शिडी लावत्यात. नजर हाय तवर शीव हाय.”

“अप्पा, तीनदा पुढं ढकललंत. सिमेंटच्या तयार प्लेटांचे पैसे मी भरलेत. उद्या भिंत उभी राहणार.”

निंगव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. बापलेकाचा हा वाद तीन महिने चालला होता, आणि तिला त्यात कुणाचीच बाजू घेता येत नव्हती. भिंत झाली तर दानेश्वरी दिसणार नाही. कॅमेरा राहिला तर दानेश्वरी भेटणार नाही.

दानेश्वरी म्हणजे निंगव्वाची सख्खी थोरली बहीण आणि चनमल्लप्पाची बायको. अक्कलकोटात एकाच मांडवात दोघी बहिणी दोघा भावांना दिल्या होत्या. पोरी एकमेकींच्या सोबतीनं सुखात राहतील, असं वडलांना वाटलं होतं. वडील बिचारे ते वाटणं घेऊनच गेले.

नऊ वर्षांपूर्वी चनमल्लप्पाच्या ट्रॅक्टरनं हातभर बांध नांगरला. सिद्धप्पा तेव्हा सीमा सुरक्षा दलातून सुट्टीवर आला होता. शब्दानं शब्द वाढला आणि फौजी डोकं तापलं. त्यानं गावासमोर विभूती हातात घेतली आणि या घरातला जो बांध ओलांडेल त्यानं परत आपल्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही, असं सांगून मोकळा झाला. बोलायला अर्धं मिनिट लागलं. विभूती घेऊन बोललेलं मागं घेता येत नाही, म्हणून नऊ वर्षं सगळे ते पाळत बसले.

सगळे म्हणजे तसे सगळे नव्हेत. नवरा देशाची सीमा राखत होता तोवर घरची सीमा मोकळीच होती. भरदुपारी दोघी बहिणी बांधावरच्या लिंबाखाली बसायच्या, कन्नडात मनसोक्त बोलायच्या. गेल्या वर्षी सिद्धप्पा निवृत्त होऊन आला आणि पहिल्याच महिन्यात सोलापुरातून कॅमेरा घेऊन आला.

बसवायला आलेल्या माणसानं कॅमेऱ्याचं तोंड बांधाकडं केलं होतं. “आजून वर घे,” सिद्धप्पा म्हणत राहिला. “मानूस निगतो कुटनं, ते आदी दिसाय पायजे.” शेवटी चनमल्लप्पाचं सगळं अंगण पडद्यावर आलं, तेव्हा त्याचं समाधान झालं. लाईट गेली तरी चित्र जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर घेतला. सकाळचा चहासुद्धा तो पडद्यासमोर प्यायचा. माणूस घरी आला, ड्युटी काही सुटली नाही, असं गावातले हसायचे.

निंगव्वाला हसू येत नव्हतं. स्वतःच्याच शेतात तिला कोंडल्यासारखं व्हायचं. आता उरलं होतं ते एवढंच, की सकाळी दानेश्वरी विहिरीवर धुणं धुवायची, आणि ओलं लुगडं झटकताना इकडं बघून हात हलवायची. गेले काही दिवस तीही आली नव्हती. तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता. गावात कुणाला विचारावं, तर तासाभरात ते सिद्धप्पाच्या कानावर गेलं असतं.

त्यात सिद्धप्पाचं बिनसलं होतं. ताटातली भाकरी तशीच राहत होती. काल त्यानं कॅमेरेवाल्याला पुन्हा बोलावलं. चित्र नीट येत नाही म्हणे. त्यानं सगळं तपासलं आणि म्हणाला, “काका, एकदम ओके आहे.” त्यावर सिद्धप्पा त्याच्या अंगावर खेकसला. आपलं हात हलवणं याला दिसलं, याची निंगव्वाला खात्रीच पटली.

दुपारी मंजुनाथनं बांधाच्या कडेनं फक्की टाकली. भिंतीची पांढरी रेघ विहिरीपर्यंत गेली. निंगव्वा ती रेघ बघत उभी राहिली. घराबाहेर काढलं तर जायचं कुठं? मोहोळला भाऊ होता, दोन खोल्यांत सहा माणसं. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण अक्काला काय झालं हे न कळता उद्याचे दहा वाजले असते, तर ती स्वतःच्या मनातून उतरली असती.

तिनं पदर खोचला आणि कॅमेऱ्यासमोरून सरळ चालत निघाली. तोंडसुद्धा झाकलं नाही.

बांध ओलांडला. पलीकडच्या हरभऱ्यातून ती वस्तीच्या अंगणात आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून कसलाच आवाज नव्हता. “अक्का,” तिनं हाक मारली.

तेवढ्यात कमरेचा फोन वाजला. सिद्धप्पाचा होता. तिनं मागं वळून पाहिलं. खांबावरचा कॅमेरा तिच्याकडंच तोंड करून होता. उचलला नाही तरी तो बघतच असणार.

तिनं फोन कानाला लावला. “व्हय, ओलांडला बांध. काय बोलायचं ते बोला आता.”



“निंगव्वा, आत जा की,” सिद्धप्पा म्हणाला. “चार दिस झालं, अण्णा भायेर दिसंना झालाय. जिता हाय का बग.”